चार तबकड्यांचें बिऱ्हाड
(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)

बिऱ्हाड बदलण्याचा प्रसंग आपणांपैकीं बहुतेकांवर केव्हां ना केव्हां आलेला असेल. सामानाची बांधाबांध होते, गाडी दाराशीं येऊन उभी राहते, आणि घरांतील वडील माणूस एकच गोष्ट पुनः पुनः बजावीत असतें : "देव माझ्या पिशवींत राहूं द्या, लोणच्याची बरणी मांडीवर घ्या, बाकीचें सारें मागून येईल." खाट मोडली तर सुतार ती दुरुस्त करतो, कपाट आपटलें तर पुनः रंगवितां येतें, परंतु कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्या एकदां हातच्या गेल्या म्हणजे कोणत्याहि बाजारांत मिळत नाहींत. वडील माणसांस हा भेद अनुभवानें कळलेला असतो.

आज मी ज्या स्थलांतराविषयीं बोलणार आहें, तें एका संगणकांतून दुसऱ्या संगणकांत गेलेल्या चार तबकड्यांचें आहे. विषय ऐकून कित्येकांना वाटेल कीं, हें कारागिरांचें काम, आपल्याला त्याचें काय? मलाहि पूर्वीं तसेंच वाटे. परंतु त्या चार तबकड्यांवर माझ्या आईचा आवाज होता, आणि तो कायमचा नाहींसा होण्यास एका कळीचें अंतर उरलें होतें. आजकाल घरोघरीं मुलांचीं छायाचित्रें, घराचे दस्तऐवज, वडिलांचीं पत्रें हीं सारीं अशाच तबकड्यांवर जाऊन बसलेलीं आहेत. तेव्हां ही हकीकत माझ्या एकट्याच्या घराची आहे असें समजूं नये.

माझी थोरली बहीण शाळेंत शिक्षिका होती. आम्ही सारे तिला ताई म्हणतों. नोकरींतून मोकळी झाल्यावर तिनें एक छंद धरिला. हातांत मावेल एवढें ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन ती नात्यांतल्या, शेजारच्या आणि पुढें पुढें ओळखीच्या ओळखीच्या वृद्ध स्त्रियांकडे जाऊन बसे आणि त्यांना बोलतें करी. जात्यावरच्या ओव्या, लग्नांतले उखाणे, पहिलें बाळंतपण, रेशनच्या रांगा, विहिरीवरचीं भांडणें, पहिल्या पगारांत काय आणलें, असें सगळें ती टिपून घेई. अकरा वर्षांत सुमारें चारशें तासांचें ध्वनिमुद्रण जमलें. त्यांतलें अगदीं पहिलें आमच्या आईचें. स्वयंपाकघरांत बसून मटार सोलतां सोलतां ती बोलली आहे. आई जाऊन आतां सहा वर्षें झालीं.

ताईचा मुलगा परदेशीं जाण्यापूर्वीं एक काम करून गेला. घरांतल्या एका जुन्या संगणकांत त्यानें दोन-दोन टेराबाइटच्या चार तबकड्या बसविल्या, त्यांचा एक संच बांधिला, आणि सारें ध्वनिमुद्रण त्यावर ठेविलें. जातांना तो म्हणाला, "आई, यांतली एक बिघडली तरी तुझें कांहीं जाणार नाहीं." वाक्य शब्दशः खरें होतें. परंतु ताईनें तें ऐकलें तें असें : "तुझें कांहीं जाणार नाहीं." मधला अर्धा भाग कानाआड झाला, आणि पुढचें सारें रामायण त्या अर्ध्या वाक्यांतून घडलें.

हा संच म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. संगणकांत माहिती साठविणारी जी हार्ड डिस्क असते, तिला मी तबकडी म्हणतों, कारण ती खरोखरच ग्रामोफोनच्या तबकडीसारखी फिरते. मात्र तिचा वेग मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या असा असतो, आणि सुईऐवजीं एक चुंबकीय टोंक तिला स्पर्श न करतां केसाहून कितीतरी कमी अंतरावरून तरंगत जातें. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें अशा फिरत्या तबकड्यांचें पहिलें कोठार बाजारांत आणिलें. त्यांत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि साऱ्या मिळून पन्नास लक्ष अक्षरें त्यांवर मावत. आज बोटाच्या पेराएवढ्या पत्रीवर त्याच्या हजारों पट मजकूर राहतो. तरी एक गोष्ट त्या दिवसापासून बदललेली नाहीं : जी वस्तु फिरते, ती केव्हां तरी थांबते.

या थांबण्यावरचा उपाय सुबक शब्दांत मांडला गेला तो १९८८ सालीं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंतील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. एका मोठ्या, महागड्या तबकडीच्या जागीं पुष्कळशा लहान आणि स्वस्त तबकड्या एकत्र जुंपल्या तर काम वेगानें होईल, असें त्यांचें म्हणणें होतें. परंतु त्यांतली अडचणहि त्यांनींच प्रामाणिकपणें दाखविली. एक तबकडी सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर शंभर तबकड्यांच्या संचांत ३०० तासांतच, म्हणजे दोन आठवडेहि पुरे होण्याच्या आंत, त्यांपैकीं कोणती तरी एक बंद पडणार. ज्या घरांत माणसें पुष्कळ, त्या घरांत कोणी ना कोणी आजारी असावयाचेंच. तसाच हा प्रकार. म्हणून त्यांनीं सांगितलें कीं, मूळ माहितीबरोबर थोडी जादा माहितीहि लिहून ठेवावी, म्हणजे एक तबकडी गेली तरी तिच्यावरचें लिखाण इतरांवरून पुनः मांडतां येईल. या व्यवस्थेच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जोडून 'रेड' हा शब्द झाला. कानाला तो धाड घातल्यासारखा लागतो. पण त्याचा हेतु घर राखण्याचा आहे.

ही जादा माहिती कशी असते? आपण लहानपणीं गुणाकार केल्यावर ताळा पाहत होतों, तो आठवा. समजा, तीन डब्यांत अनुक्रमें ७, ५ आणि ९ रुपये आहेत, आणि चौथ्या डब्यांत 'एकूण २१' अशी चिठ्ठी आहे. मधला डबा चोरीस गेला, तरी त्यांत किती होते हें सांगावयास ज्योतिषी नको. २१ मधून ७ आणि ९ वजा केले कीं ५ उरतात. संगणकाला फक्त शून्य आणि एक हेच अंक ठाऊक. म्हणून तो बेरजेऐवजीं सम-विषमाचा ताळा ठेवितो. चारी तबकड्यांवरील समोरासमोरचे अंक घेतले तर त्यांतील एकांची संख्या नेहमीं सम असली पाहिजे, एवढाच त्याचा नियम. तीन तबकड्यांवर १, ०, १ असेल तर चौथीवर ०. यांतला कोणताहि एक अंक झांकून पाहा, बाकीच्या तिहींवरून तो ओळखतां येतो. दोन झांकले, म्हणजे मात्र कांहीं चालत नाहीं.

आमचा संच या जातीचा, म्हणजे पांचव्या प्रकारचा होता. त्यांत ताळा एकाच तबकडीवर न ठेवतां पाळीपाळीनें चौघींवर वांटलेला असतो, आणि माहितीहि अखंड नसून तिचे तुकडे करून ओळीनें एकेकीवर ठेविलेले असतात. आमच्या संचांत असा प्रत्येक तुकडा ५१२ किलोबाइटांचा होता. ताई ज्या दर्जाचें ध्वनिमुद्रण करी, त्याचा तासाला सुमारें एक गीगाबाइट होतो. त्या हिशेबानें एका तुकड्यांत सुमारें पावणेदोन सेकंदांचें बोलणें मावतें. म्हणजे आईनें एक मोठें वाक्य उच्चारलें, तर त्याचा आरंभ पहिल्या तबकडीवर, मध्य दुसरीवर आणि शेवट तिसरीवर, अशी त्याची स्थिति. तबकड्यांचा क्रम चुकला, तुकड्याचें माप चुकलें, किंवा माहितीचा आरंभ कोठून धरावयाचा तें चुकलें, तर सारे शब्द जागच्या जागीं असूनहि वाक्य उरत नाहीं. पोथीचीं पानें वाऱ्यानें उडावींत आणि पृष्ठांक घातलेले नसावेत, तशी गत होते.

मग हा क्रम संगणकाला आठवतो कसा? येथेंच स्थलांतराची गुरुकिल्ली आहे. पुष्कळ लोकांची अशी समजूत असते कीं, संचाची स्मृति संगणकांत असते. म्हणून संगणक मेला कीं संच मेला. लिनक्स प्रणालीनें बांधलेल्या संचाच्या बाबतींत ही समजूत खोटी आहे. तेथें प्रत्येक तबकडीच्या ठराविक जागीं एक लहानशी पत्रिका लिहिलेली असते. आजच्या नेहमींच्या पद्धतींत ती तबकडीच्या आरंभापासून चार किलोबाइटांवर असते. जुन्या पद्धतींत ती शेवटाजवळ असे. तींत काय असतें? संचाची जगावेगळी ओळखखूण, संचाचा प्रकार, सभासदांची संख्या, तुकड्याचें माप, माहितीच्या आरंभाची जागा, त्या तबकडीचा स्वतःचा क्रमांक, शेवटच्या नोंदीची वेळ, आणि संचाच्या अवस्थेंत बदल झाला कीं पुढें सरकणारा एक घटनांक. कुटुंबांतल्या प्रत्येकाच्या खिशांत साऱ्या कुटुंबाचा शिधापत्रक-दाखला असावा, तशी ही सोय आहे. त्यामुळें चारी तबकड्या उचलून दुसऱ्या यंत्राला कोणत्याहि क्रमानें जोडल्या, तरी त्या एकमेकींना ओळखतात आणि आपापल्या जागीं उभ्या राहतात.

आतां प्रसंगाकडे वळतों. गेल्या मे महिन्यांत वळवाचा पाऊस आला. रात्रीं जवळच कोठें तरी वीज पडली, घरांतले दिवे लखकन् पेटून विझले, आणि सकाळीं ताईचा संगणक उठेना. वीज पुरविणारा भाग आणि मुख्य पाटी, ज्याला मदरबोर्ड म्हणतात, तीं दोन्हीं जळालीं होतीं. ताईनें मला फोन केला. आवाज शांत होता. "अरे, यंत्र गेलें तर जाऊं दे. पण आईचें बोलणें त्यांत आहे. दुसरीकडे कोठेंच नाहीं."

"कोठेंच नाहीं म्हणजे?" मीं विचारलें. "नक्कल काढलेली नाहींस?"

"तो म्हणाला होता ना, कांहीं जाणार नाहीं म्हणून!"

मी पोंचलों तेव्हां दुरुस्तीचा तरुण कारागीर येऊन बसला होता. मुलगा गुणी होता, हात सफाईदार होता. त्यानें जुन्या पेटींतून चारी तबकड्या काढून टेबलावर ठेविल्या होत्या, नवें यंत्र उघडलें होतें. तो मला म्हणाला, "काका, काळजी करूं नका. चारी डिस्क इकडे लावतों, रेड पुनः क्रिएट करतों, अर्ध्या तासांत काम होईल."

हें 'क्रिएट' ऐकल्यावर माझ्या मनांत कांहीं तरी खटकलें. मी पदार्थविज्ञान शिकविण्यांत आयुष्य घालविलेला मनुष्य. संगणकांतला तज्ज्ञ नव्हे. पण शब्दांचे अर्थ तपासण्याची संवय हाडांत भिनलेली. मीं म्हटलें, "अहो, जें अस्तित्वांतच आहे तें पुनः निर्माण कशाला करावयाचें? तें नुसतें जुळवावयाचें नाहीं काय?" तो हसला, क्षणभर थांबला, आणि मग खरें बोलला, "काका, मीं नवे रेड पुष्कळ बांधले आहेत. मेलेल्या यंत्रांतून जिवंत रेड काढून दुसरीकडे कधीं नेला नाहीं." मला त्या उत्तराचें कौतुक वाटलें. आम्ही दोघांनीं ठरविलें कीं, त्या दिवशीं कशालाहि हात लावावयाचा नाहीं. ताईनें चहा ठेविला, आणि आम्ही परदेशांतल्या भाच्याला उठविलें.

त्यानंतर जें केलें तें क्रमानें सांगतों, कारण कोणावरहि असा प्रसंग आला तर हाच क्रम उपयोगी पडेल. प्रथम चारी तबकड्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटविल्या आणि प्रत्येकीचा कारखान्याचा अनुक्रमांक वहींत उतरून घेतला. संगणक तबकड्यांना स्वतःचीं जीं नांवें देतो, तीं त्या त्या दिवसापुरतीं असतात. आज जी पहिली, ती उद्यां तिसरी होऊं शकते. कारखान्याचा अनुक्रमांक मात्र बदलत नाहीं. नंतर नव्या यंत्रांत तबकड्या जोडण्यास पुरेशा जागा आहेत कीं नाहींत, आणि चौघींना एकदम फिरविण्याइतकी वीज तें यंत्र देतें कीं नाहीं, हें पाहिलें. नव्या मदरबोर्डला स्वतःचा असा संच बांधण्याची एक सोय असते. ती बंद ठेविली, म्हणजे त्यानें आमच्या तबकड्यांत लुडबूड करूं नये. नव्या यंत्राची नेहमींची तबकडीहि काढून ठेविली, आणि एका लहानशा पेन-ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलें. यंत्रावर आधींपासून विंडोज होतें. विंडोजला लिनक्सच्या संचाची भाषा वाचतां येत नाहीं. अनोळखी तबकडी दिसली कीं तें अदबीनें विचारतें, "हिचा आरंभ करूं का?" आणि अशा अदबीच्या प्रश्नाला घाईंत 'होय' म्हणण्याची आपणां सर्वांना खोड आहे.

मग पहिली आज्ञा दिली ती नुसती पाहण्याची. लिनक्सवर एमडीॲडम नांवाचा एक कार्यक्रम असतो. त्याला 'तपासून सांग' म्हटलें कीं तो तबकडीवर कांहीं न लिहितां तिची पत्रिका वाचून दाखवितो. आम्ही चार पत्रिका शेजारीं शेजारीं मांडल्या. संचाची ओळखखूण चौघींवर एकच. प्रकार पांचवा, सभासद चार, हें सारें जुळत होतें. घटनांक पाहिला तेव्हां मात्र तिघांच्याहि छातींत धस्स झालें. तीन तबकड्यांवर तो अंक एकच होता; चौथीवरचा पुष्कळ मागें होता, आणि तिची शेवटची नोंद आदल्या नोव्हेंबर महिन्यांतली होती.

याचा अर्थ असा कीं, ती चौथी तबकडी विजेनें बिघडलेलीच नव्हती. दिवाळीच्या सुमारास केव्हां तरी तिनें उत्तर देणें थांबविलें होतें, आणि संचानें तिला पंगतींतून उठविलें होतें. तेव्हांपासून सहा महिने उरलेल्या तिघी तिचा भार वाहत होत्या. ताई रोज संगणक लावी, ध्वनिमुद्रणें ऐके, नवीन घाली, आणि सारें सुरळीत चाललें आहे असें समजे. संचाचा गुण तोच त्याचा दोष : एक अवयव गळाला तरी तो कण्हत नाहीं. कोणी तरी त्याची विचारपूस केली पाहिजे, किंवा बिघाड होतांच पत्र पाठविण्याची त्याला व्यवस्था करून दिली पाहिजे. तीं दोन्हीं आमच्याकडे नव्हतीं. ज्या विम्यावर ताई निर्धास्त होती, तो विमा दिवाळींतच संपला होता.

आतां त्या 'क्रिएट'चा विचार करा. तो शब्द दिला असता, तर यंत्रानें जुन्या पत्रिका पुसून नव्या लिहिल्या असत्या. चारी तबकड्या सारख्याच विश्वासाच्या धरल्या असत्या. आणि या प्रकारच्या संचांत नवी मांडणी करतांना हा कार्यक्रम सामान्यतः शेवटची तबकडी बाजूला धरून, पहिल्या तिहींच्या आधारें ती नव्यानें लिहून काढतो. आमच्या मित्रानें ज्या क्रमानें त्या टेबलावर ठेविल्या होत्या, त्यांत सहा महिन्यांपूर्वींची शिळी तबकडी दुसरी होती. म्हणजे शिळें आणि ताजें एकत्र कालवून त्यांतून जें निघालें असतें, तें एका चांगल्या तबकडीवर गिरविलें गेलें असतें. शिवाय जुनी आणि नवी आवृत्ति माहितीचा आरंभ निरनिराळ्या ठिकाणीं धरूं शकते, तो घोटाळा निराळाच. अर्ध्या तासांत काम झालें असतें खरें. पण कोणतें काम, हें आतां आपण जाणतां.

आम्ही चौथी तबकडी काढून बाजूला ठेविली. उरलेल्या तिघींना 'जुळा' अशी आज्ञा दिली, आणि तीहि केवळ वाचण्यापुरती, लिहिण्याची मुभा न देतां. एका बाबतींत दैव अनुकूल होतें. वीज पडली त्या क्षणीं संचावर कांहीं लिहिलें जात नव्हतें, म्हणून तिन्ही पत्रिकांवर 'स्वच्छ' असा शेरा होता. अर्धवट लिहितांना वीज गेली असती आणि त्यांत एक तबकडी आधींच गैरहजर, तर त्या कार्यक्रमानें संच चालूं करण्यास साफ नकार दिला असता. मग त्याच्यावर बळजबरी करावी लागली असती, आणि बळजबरीचें फळ काय निघेल हें कोणीच सांगूं शकत नाहीं. आमचा संच मात्र एका दमांत उभा राहिला. नव्या यंत्राला तो आपल्या घरचा वाटला नाहीं, म्हणून त्यानें त्याला परक्यांसाठीं ठेविलेला १२७ हा क्रमांक दिला. कांहीं लोक या क्रमांकाला घाबरतात. भिण्याचें कारण नाहीं. नव्या घरीं पाहुणा आला कीं त्याला बाहेरच्या खोलींत बसवितात, त्यांतलाच तो प्रकार. पुढें नव्या यंत्राच्या दफ्तरीं संचाची ओळखखूण नोंदविली म्हणजे त्याला त्याचें जुनें नांव परत मिळतें.

यापुढें मोह होतो तो ताबडतोब नवी चौथी तबकडी घालून संच पूर्ण करण्याचा. आमच्या तरुण मित्रालाहि तसें वाटलें. भाच्यानें मात्र निक्षून सांगितलें, "आधीं नक्कल, मग दुरुस्ती." कारण पुनर्रचना करावयाची म्हणजे उरलेल्या तिन्ही म्हाताऱ्या तबकड्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका दमांत वाचावयाच्या. त्या श्रमांत एखादी कोसळली, तर ताळ्याला आधार उरत नाहीं. ज्या रोग्याला आधार देऊन बसविलें आहे, त्याला आधीं धांवावयास लावूं नये. ध्वनिमुद्रण, छायाचित्रें आणि वह्यांच्या प्रती मिळून एक टेराबाइटच्या आंतबाहेर सामान होतें. बाहेरून जोडावयाच्या दोन स्वतंत्र तबकड्या आणून त्या दोहोंवर आम्ही तें पाठोपाठ उतरून घेतलें. दर खेपेला साडेतीन तासांच्या आसपास लागले. मध्यरात्र उलटून गेली. नंतर दुसऱ्या दिवशीं नवी चौथी तबकडी बसविली आणि संचाला लिहिण्याची मुभा दिली. त्यानें सुमारें सहा तासांत हरवलेला भाग ताळ्यावरून पुनः लिहून काढला.

मीं सांगितलेली सोय सर्वच संचांना नसते, हेंहि लक्षांत ठेवावें. कचेऱ्यांतील मोठ्या यंत्रांत पुष्कळदां संच सांभाळण्यासाठीं एक स्वतंत्र कार्ड असतें. त्याची लिपि त्याच्या कारखान्याची असते. तेथें स्थलांतर करावयाचें तर तबकड्यांबरोबर तें कार्डहि न्यावें, किंवा त्याच घराण्याचें दुसरें मिळवावें. तें कार्ड परका संच पाहून दोन पर्याय पुढें करतें : एक, ही मांडणी स्वीकारूं का, आणि दुसरा, ही पुसून टाकूं का. दोन्हीं एकाच पडद्यावर, एकमेकांखालीं. शिवाय अशा कार्डाच्या स्मृतींत तबकडीवर उतरावयाचें राहिलेलें लिखाण असूं शकतें. म्हणून जुनें यंत्र जिवंत असेल तर तें रीतसर बंद करून मगच हलवावें. झेडएफएस नांवाची आणखी एक पद्धति आहे. तींत तर जुन्या यंत्राचा निरोप घेण्याची आणि नव्यांत प्रवेश करण्याची अशा दोन निराळ्या आज्ञाच नेमून दिलेल्या आहेत. आणि घरोघरीं जालाला जोडून ठेवावयाच्या ज्या लहान पेट्या मिळतात, त्यांतील पुष्कळांच्या पोटांत लिनक्सच असतें. पेटी बिघडली म्हणून आंतल्या तबकड्या फेंकून देण्याची घाई करूं नये.

या साऱ्याचें सार काय? ज्यानें हा संच शोधून काढला, त्यानें तबकडी मरते या एका संकटावर उपाय दिला. परंतु चुकून पुसलेली वस्तु संच परत देत नाहीं; तो ती चुकीची आज्ञा चारी तबकड्यांवर मोठ्या निष्ठेनें पाळतो. चोर पेटी उचलून नेतो तेव्हां तो चारी तबकड्या नेतो. आग लागली, पाणी शिरलें, वीज पडली, तर चौघी एकाच छपराखालीं असतात. विजेनें आमच्या तबकड्या वांचविल्या ही तिची मेहेरबानी. तीं जळणें तितकेंच शक्य होतें. म्हणून संच हा संच आणि नक्कल ती नक्कल. नक्कल दुसऱ्या तबकडीवर असावी, आणि एक तरी दुसऱ्या घरीं असावी. आमच्या दोन नकलांपैकीं एक आतां माझ्या कपाटांत आहे. दर तीन महिन्यांनीं ताई माझ्याकडे जेवावयास येते, तेव्हां नवी प्रत आणते आणि जुनी घेऊन जाते. ती आली म्हणजे मी तिला एकच प्रश्न विचारतों, "चौघी हजर आहेत ना?" ती म्हणते, "आज सकाळींच हजेरी घेतली." शाळेंतली जुनी संवय आहे, तिला तें जमतें.

त्या मध्यरात्रीचें एक सांगावयाचें राहिलें. पहिली नक्कल पुरी झाल्यावर ती खरोखर वाचतां येते कीं नाहीं, हें पाहावें असें आमच्या तरुण मित्रानें सुचविलें. सूचना योग्य होती. जी नक्कल उघडून पाहिली नाहीं, तिच्यावर भरंवसा ठेवूं नये. ताईनें पहिलें ध्वनिमुद्रण लाविलें. कुकरची शिटी ऐकूं आली, मटाराची शेंग फुटल्याचा बारीक आवाज झाला, आणि आई म्हणाली, "हें चालूं झालें का ग?"

ताईनें उत्तर दिलें, "झालें, आई. बोल तूं."

तें उत्तर तिनें अकरा वर्षांपूर्वीं दिलें होतें कीं त्या रात्रीं दिलें, हें मला नीटसें कळलें नाहीं; बहुधा दोन्हीं वेळां. आमचा तो मित्र कांहीं न बोलतां आपल्या पिशवींत अवजारें भरीत होता. त्यानें त्या दिवसाच्या श्रमाचे पैसे घेतले नाहींत. म्हणाला, "काका, शिकवणीचे पैसे उलट मीच द्यावयाचे."

श्रोतेहो, आपल्या घरींहि अशी एखादी पेटी कोपऱ्यांत मुकाट्यानें काम करीत असेल. आज निजण्यापूर्वीं तिच्याकडे जाऊन दोन प्रश्न विचारा : तुझीं सारीं माणसें जागेवर आहेत काय, आणि तुझ्यावर जें आहे तें दुसरीकडे कोठें आहे काय? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर 'कोठेंच नाहीं' असें आलें, तर उद्यांचा दिवस त्या कामाला द्या. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.